आईच्या कपाटातले खण

योको ओगावा या जपानी लेखिकेची एक कादंबरी १९९४ साली आली. इंग्रजीत ती २०१९ साली ‘द मेमरी पोलीस’ या नावाने निघाली. कादंबरीतल्या बेटाला नाव नाही. तिथे एकेक गोष्ट नाहीशी होत जाते. रिबिनी, अत्तर, पक्षी, गुलाब, फोटो. पाठोपाठ त्यांची आठवणही पुसली जाते. मला धास्ती वाटली ती पोलिसांपेक्षा लोकांच्या सवयीची. गुलाब गेले तर पाकळ्या नदीत सोडायच्या, फोटो गेले तर आपल्याच हाताने जाळायचे, आणि चार दिवसांत जो तो आपल्या कामाला! (लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, की माहेरचं नाव कसं मागे पडतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.)

काहींना मात्र विसरताच येत नाही. त्यांना पोलीस उचलून नेतात. गोष्ट सांगणारीची आई त्यांतलीच. ती शिल्पकार होती. नाहीशा झालेल्या वस्तू तिने कपाटाच्या छोट्या छोट्या खणांत जपून ठेवलेल्या. तिला बोलावणं आलं, आणि परत आलं ते तिचं प्रेत. पुढे लेक आपल्या संपादकाला घरातल्या जमिनीखालच्या चोरखोलीत लपवते.

ही चोरखोली कल्पनेतली म्हणावी, तर तिचं मूळ इतिहासात आहे. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचा आपल्यावर मोठा प्रभाव असल्याचं ओगावा स्वतःच सांगतात. अ‍ॅनच्या आम्स्टरडॅममध्येही सगळं एका रात्रीत गेलं नाही. नाझी अमलात ज्यूंना आधी बागा आणि सिनेमा बंद झाले, मुलांच्या शाळा वेगळ्या झाल्या. मग कपड्यावर पिवळी चांदणी आली, सायकली गेल्या, ट्रामही गेली. एकेका हुकमाने माणूस आपल्याच गावात परका होत गेला. जुलै १९४२ मध्ये अ‍ॅनचं कुटुंब वडिलांच्या कचेरीमागच्या घरात लपलं. पुढे तिथे आठ माणसं झाली. ४ ऑगस्ट १९४४ ला सगळी पकडली गेली. जिवंत परतले ते एकटे अ‍ॅनचे वडील.

खाली विखुरलेले अ‍ॅनचे कागद कचेरीतल्या मीप खीस आणि बेप फॉस्काउल या दोघींनी गोळा केले. मीपबाईंनी ते न वाचताच आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. वाचले असते तर जाळावेच लागले असते, असं त्या पुढे सांगत, कारण मदत करणाऱ्यांची नावं त्यात होती. अ‍ॅन गेल्याचं १९४५ मध्ये नक्की कळलं, तेव्हा त्यांनी खण उघडला आणि सगळे कागद तिच्या वडिलांच्या हाती दिले.