दार पाचला बंद, भाव बाराला: तेल वायद्याची २० एप्रिल २०२०

(वेळा भारतीय; उलटी मोजणी अंतिम भाव ठरण्याच्या क्षणापर्यंतची)

८ एप्रिल : बारा दिवस बाकी
न्यूयॉर्कचा तेल वायदा चालवणारा सीएमई समूह सूचना काढतो: काही ऊर्जा सौद्यांत भाव उणे झाले, तर काय करायचं याची योजना तयार आहे. इशारा जाहीर आहे. छोट्या गुंतवणूकदारापर्यंत तो पोचवणारं कोणी नाही.

२० एप्रिल, सकाळी ९ : पंधरा तास
मुंबईत एमसीएक्स (वस्तूंच्या वायद्यांचा बाजार) उघडतं. एप्रिलच्या कच्च्या तेलाच्या वायद्याचा आज शेवटचा दिवस. शुक्रवारी १८.२७ डॉलरवर थांबलेलं अमेरिकी तेल १५ डॉलरखाली घसरलंय. 'याहून खाली कुठे जाणार?' म्हणत तेजीवाले सौदे उभे ठेवतात.

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या कुशिंगमध्ये आहे. न्यूयॉर्कचा एक सौदा १,००० बॅरलचा, आणि मुदतीअखेर तो ज्याच्या हाती उरेल त्याने तेल तिथेच ताब्यात घ्यायचं. कोरोनाने मागणी आटली आहे, टाक्यांतली मोकळी जागा आधीच कुणाकुणाच्या नावावर आहे. तेल ठेवायला जागा नसेल, तर ते फुकटही परवडत नाही.

संध्याकाळी ५ : सात तास
टाळेबंदीमुळे एमसीएक्सचे व्यवहार रात्रीऐवजी पाचलाच थांबतात. शेवटचा भाव ९६५ रुपये. पण हिशेब या भावाने होणार नाही. नियमानुसार न्यूयॉर्कचा आज रात्रीचा सेटलमेंट भाव रुपयांत बदलून लागू होईल. आता सौदा कापायची सोय उरलेली नाही.

७.३० : साडेचार तास
चीनमध्ये रात्रीचे दहा. बँक ऑफ चायनाच्या तेल योजनेतले ग्राहकही असेच अडकतात: व्यवहार बंद, भाव ठरायचा बाकी.

१०.३० : दीड तास
भाव एक आकडी. ज्यांना बाहेर पडता येतंय ते मिळेल त्या भावाने विकताहेत. घेणारे दिसत नाहीत.

११.३८ : बावीस मिनिटं
शून्य. आणि भाव तिथे थांबत नाही.

११.५९ : एक मिनिट
उणे ४०.३२ डॉलर, दिवसाचा तळ.

मध्यरात्री १२
सेटलमेंट भाव: उणे ३७.६३ डॉलर.

२१ एप्रिल
एमसीएक्स आधी तात्पुरता भाव १ रुपया ठरवतं, मग अंतिम: उणे २,८८४ रुपये. काल शेवटच्या क्षणी ९६५ ला घेतलेल्या १०० बॅरलच्या एका लॉटमागे तोटा ३,८४,९०० रुपये. दलाल मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतात. त्याच आठवड्यात व्यवहारांची वेळ पुन्हा रात्रीपर्यंत वाढते. ज्यांचे सौदे त्या रात्री उभे होते, त्यांना या वाढीव वेळेचा उपयोग नाही.

तेल कंपनीचा शेअर स्वतःच्या पैशांनी घेतला, तर वाईटात वाईट म्हणजे गुंतवलेली रक्कम बुडते. वायद्यात तोटा तिथे थांबेलच असं नाही. तो घरातल्या बचतीपर्यंत येतो. तेल स्वस्त झालं म्हणून पैसे लावणाऱ्या प्रत्येकाने आधी तीन गोष्टी लेखी पाहाव्यात: मला बाहेर पडता येण्याची शेवटची वेळ कोणती, अंतिम भाव कोण आणि केव्हा ठरवतं, आणि माझा तोटा कुठे थांबतो. आणि दलालाकडे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर सौदा करू नये.