मदत यंत्राची, जबाबदारी चालकाचीच

बाभुळगाव : नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरून धामणगाव येथे उतरून बाभुळगावमार्गे यवतमाळ गाठणाऱ्या वाहनांमध्ये स्वतःहून वेग सांभाळणाऱ्या, मार्गिकेत राहणाऱ्या आणि प्रसंगी ब्रेक लावणाऱ्या मोटारींची भर पडत आहे. महामार्गावर कुंपण, आखीव मार्गिका आणि दुभाजक असतात. तालुक्याच्या रस्त्यावर मात्र कापसाने भरलेली बैलबंडी, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर, शेतातून परतणारी जनावरे आणि अंधारात आडवा येणारा रोही यांच्याशी गाठ असते. दोन रस्त्यांमधील हा फरक यंत्राला प्रत्येक वेळी उमजेलच, याची खात्री नाही. अपघात घडल्यास प्रथम जाब चालकालाच द्यावा लागतो.

प्रणाली म्हणजे काय?

'ॲडास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालक-साहाय्य प्रणालीत समोरच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा आणि बहुतांश गाड्यांत पुढील भागातील रडार यांच्या आधारे पुढील वाहनाचे अंतर मोजले जाते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा स्तर मानले जातात. भारतात २०२० मध्ये आलेली 'एमजी ग्लॉस्टर' आणि २०२१ मध्ये आलेली महिंद्राची 'एक्सयूव्ही ७००' यांमुळे ही प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांना परिचित झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बहुतांश मोटारी पहिल्या वा दुसऱ्या स्तरातील आहेत. दुसऱ्या स्तरात वेग आणि स्टिअरिंग या दोन्हींना यंत्र साहाय्य करते. तथापि रस्त्यावर सतत लक्ष ठेवण्याचे काम माणसाचेच असते. मोठ्या बस आणि मालमोटारींमध्ये आपोआप ब्रेक लावणारी व चालकाच्या डुलकीची सूचना देणारी यंत्रणा बसविण्याबाबतचा मसुदा केंद्र सरकारने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

यंत्राच्या मर्यादा

मार्गिकेत राहण्याची सुविधा रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांवर अवलंबून असते. पट्टे पुसट झाले, रस्त्यावर माती आली किंवा पट्टे मुळातच नसले, तर ही सुविधा निरुपयोगी ठरते. धुके, मुसळधार पाऊस, काचेवरील धूळ आणि समोरून येणारा प्रखर प्रकाश यांमुळे कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते. लाकडी बंडीवरून रडारच्या लहरी धातूच्या मोटारीइतक्या जोरकसपणे परतत नाहीत. फलक वा पूल पाहून विनाकारण ब्रेक लागू नये, यासाठी अनेक प्रणाली स्थिर वस्तूंचे संकेत गाळतात; त्यामुळे रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनाकडेही दुर्लक्ष होण्याचा धोका संभवतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहन चालविण्याचा परवाना व्यक्तीला मिळतो, यंत्राला नव्हे. कलम १८४ अन्वये धोकादायक वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 'गाडीने ब्रेक लावला नाही' एवढे म्हटल्याने चालकाची सुटका होत नाही.

निर्मातेही पूर्णतः नामानिराळे राहू शकत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनातील दोष, सदोष रचना आणि अपुऱ्या सूचना यांसाठी उत्पादकाचे दायित्व निश्चित करण्यात आले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ अन्वये सदोष वाहने परत मागविण्याचे आदेश केंद्र सरकार देऊ शकते. वाटेतील शेतकरी वा पादचारी जखमी झाल्यास त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते.

परदेशातील निवाडा

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१९ मध्ये झालेल्या अपघाताचा निकाल या संदर्भात बोलका आहे. टेस्ला मोटारीची साहाय्य प्रणाली सुरू असताना चालक खाली पडलेला फोन शोधू लागला आणि मोटार रस्त्याकडेला उभ्या असलेल्या वाहनावर आदळून एका तरुणीचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामी येथील ज्युरीने चालकाला ६७ टक्के, तर कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरले. कंपनीने हा निर्णय अमान्य केला. प्रणालीचा दोष मान्य होऊनही दोषाचा मोठा वाटा चालकाच्या पदरी पडला, हे लक्षणीय आहे.

चालकांनी काय करावे?

वाहनासोबतच्या पुस्तिकेतील मर्यादा वाचाव्यात. काच आणि रडारचा भाग स्वच्छ ठेवावा. काच बदलल्यास वा पुढील भागाची दुरुस्ती केल्यास कॅमेरा व रडारची अचूकता अधिकृत केंद्रात तपासून घ्यावी. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत. महामार्ग सोडताच मार्गिका व वेग सांभाळणाऱ्या सुविधा बंद कराव्यात. आपोआप ब्रेक लावणारी सुविधा मात्र सुरू असू द्यावी. ट्रॅक्टर आणि बैलबंडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावल्यास निदान माणसाच्या नजरेला ती दुरून दिसते. बंडीवरील शेतकऱ्याला मागून येणारी मोटार कोण चालवीत आहे, हे कळत नाही. त्याचा जीव मोटारीतील माणसाच्या सावधपणावरच अवलंबून असतो.