नव्या पैशाची शिकवणी

पेशवाईच्या दफ्तरांतून वाढलेली आणि पुढे इंग्रजी अंमलातही पंतोजींच्या शाळांनी मोठ्या निगुतीने सांभाळलेली जी हिशेबविद्या महाराष्ट्राच्या घराघरांत नांदत होती, तिचा ओघ पिढ्यानुपिढ्या वडीलधाऱ्यांकडून पोरांकडे असाच वाहत आला. दिवेलागणीला आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी वदवून घ्यावी आणि नातवाने अडखळत ती म्हणावी, हा अनुक्रम कधी काळी उलटा होईल अशी शंकाही कोणाला शिवली नसेल. तो उलटा झाला १ एप्रिल १९५७ रोजी, आणि तोही सरकारी हुकुमाने.

जुना रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा. रुपयाची अधेली, अधेलीची पावली, पावलीची चवली, चवलीचा आणा अशी दर पायरीला निम्मी होत जाणारी ही रचना अपूर्णांकांच्या पाढ्यांशी इतकी एकजीव झालेली होती की, ज्याला अक्षरओळख नाही त्या म्हातारीलाही सव्वातीन शेर डाळीची किंमत तोंडी काढता येत असे. १९५५ साली संसदेने नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून रुपयाचे शंभर भाग केले, त्या भागाला ‘नवा पैसा’ असे नाव दिले, आणि आजोबांचे अर्धे पांडित्य एका रात्रीत निकामी ठरले.

सरकारने तक्ते छापले: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. दुकानाच्या भिंतीवर लटकलेला हा तक्ता वाचणार कोण? शाळेतून दशमान पद्धती शिकून आलेला सात-आठ वर्षांचा नातूच ना! बाजारात त्याचे बोट धरून जाण्याऐवजी आजी आता त्याच्या बोटावर विसंबून जाऊ लागली. घोटाळा तर नाण्यांच्या आकारातही होता. जुनी चवली चौकोनी, नवे पाच पैसेही चौकोनी. जुना आणा कंगोऱ्यांचा, नवे दहा पैसेही कंगोऱ्यांचे. आणि काही वर्षे जुनी-नवी नाणी एकाच बटव्यात खुळखुळत असल्यामुळे, आयुष्यभर स्पर्शाने नाणे ओळखणारा हात पाच पैशांना दोन आणे समजून फसे. डोळ्यांनी वाचून नाणे घ्यायचे असते हा पहिला पाठ नातवाने दिला.

परंतु विद्यार्थिनी मुकाट नव्हती. एकेक आण्याच्या चार जिनसा घेतल्या तर चोवीस पैसे होतात, आणि चार आणे मात्र पंचवीस पैशांचे. मग मधला एक पैसा गेला कुठे, हा तिचा सवाल. तक्ता घोकणाऱ्या नातवाजवळ त्याला उत्तर नव्हते. उत्तर होते ते तिच्याच जुन्या पाढ्यांत: आणा वस्तुतः सव्वासहा पैशांचा, आणि सव्वासहा चोक पंचवीस. तक्त्याने पाव पैसा टाकून दिला होता, एवढेच. मला हा प्रसंग त्या सुधारणेच्या सगळ्या सरकारी जाहिरातींहून अधिक बोलका वाटतो, कारण हिशेबाची रुजुवात आजी आणि नातू या दोघांखेरीज पुरी होत नव्हती.

वजनांचे परिवर्तन ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले. ऐंशी तोळ्यांचा शेर जाऊन सुमारे शहाऐंशी तोळ्यांचा किलो आला, आणि शिकवणी पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. १ जून १९६४ रोजी ‘नवा’ हे विशेषण सरकारने काढून टाकले, तोवर ती बहुतेक उरकली असावी.

या काळात वडीलधाऱ्यांनी कोष्टके शिकली, हे तर खरेच. पण त्यांहून दुर्घट अशी एक गोष्ट त्यांना साधली. ‘मला कळले नाही, पुन्हा सांग’ हे वाक्य आपल्याच घरात उच्चारणे. मुलापुढे किंवा सुनेपुढे ते जिभेवर आले नसते, कारण तेथे किल्ल्यांचा आणि अधिकाराचा जाबसाल असतो. नातवाशी असा कोणताच तंटा नसल्यामुळे अज्ञान कबूल करण्यात मानहानी नव्हती. शिवाय पोर दहादा सांगायला कंटाळत नाही, उलट गुरुपद मिळाल्याच्या आनंदात अकराव्यांदाही सांगते.

अक्षरांच्या बाबतीत हेच घडले. मुंबईच्या गिरणीतून आलेले चाकरमान्याचे पत्र कोकणातल्या म्हातारीला शाळकरी नातवाकडून वाचून घ्यावे लागे, आणि मनिऑर्डरीवर अंगठा उठवावा लागे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली आणि पुढे राज्यभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम गावेच्या गावे साक्षर करण्याच्या जिद्दीने उभी राहिली. मोहिमेचा अहवाल सरकारी दप्तरात गेला. घराच्या ओट्यावर पोराने आजीचा हात धरून पाटीवर ‘ग’ गिरवून घेतला, त्याची नोंद कोणी ठेवणार नव्हते.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ उघडली, तेव्हा मात्र ही जुनी उलटी रीत चारचौघांत आली. साठ ते नव्वद वर्षांच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून वर्गात येऊ लागल्या. वर्ग दुपारचा भरे, म्हणजे घरची आणि शेतातली कामे उरकून येता यावे. आणि गृहपाठाच्या वेळी शेजारी बसून चुका दाखवायला नातवंडे असत, ज्यांना कालपर्यंत याच आज्यांनी हात धरून शाळेत पोहोचवले होते.