शकुंतला रेल्वे आणि यवतमाळ जिल्ह्यातील इंधनांतर

यवतमाळ जिल्ह्याच्या वाहतूक-इतिहासात कोळशाचा काळ बराच लांबला. वऱ्हाडातील कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे धाडता यावा, यासाठी ब्रिटिश राजवटीत यवतमाळ–मूर्तिजापूर हा नॅरोगेज मार्ग टाकण्यात आला. हीच पुढे 'शकुंतला' या नावाने लोकप्रिय झाली. स्थानकापर्यंतचा कापूस मात्र बैलबंडीनेच येई. खनिज इंधनाविना वाहतूक ही येथे नवी कल्पना नव्हे.

मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले. हे इंधनांतर खरे, परंतु एका खनिज इंधनाकडून दुसऱ्याकडे झालेले. विलंबाचे मूळ तंत्रज्ञानापेक्षा मालकीत शोधावे लागते. मार्ग किलिक-निक्सन समूहाच्या कंपनीचा, गाडी चालविणार भारतीय रेल्वे. अशा दुहेरी व्यवस्थेत जीर्ण रुळांवर नवा खर्च कोणी करावा, हा प्रश्न लोंबकळत राहिला. अखेर गाडी थांबली आणि प्रवासी एस.टी. व जीपकडे वळले. डिझेलचा वापर त्यामुळे संपला नाही, तो रुळांवरून रस्त्यावर गेला.

आज ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ कि.मी. मार्गापैकी वर्धा–कळंब टप्प्याचे लोकार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. हा मार्ग दारव्ह्याहून दिग्रस-पुसदकडे वळतो. शकुंतलेच्या वाटेवरील कारंजा व मूर्तिजापूर त्याच्या बाहेरच राहतात.