यल्लम्माची जट आणि जनीची वेणी

मार्गशीर्ष लागला की आमच्या गडहिंग्लज भागातल्या बचत गटांच्या बैठका ओस पडतात. "आधी पुनव, मग हप्ता," असं बायका सरळ सांगतात. सौंदत्तीला जायचं असतं. पूर्वी बैलगाड्या जुंपून जायचे, आता एसटी ठरवून जातात. परत आल्यावर आंबील, घुगऱ्या, वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य. कोल्हापूर शहरात तर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्राच भरते. आम्हीही भंडारा लावून घेतो, आंबील पितो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे बोलायचं आहे ते ऐकून कुणी म्हणेल, ह्या बायका देव मानत नाहीत. तसं नाही.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. साठी ओलांडलेल्या. बैठकीत कायम भिंतीला टेकून मागे बसतात, उन्हाळ्यातही डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. पदराखाली जट आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. वयाच्या अकराव्या वर्षी ती आली, देवीचं बोलावणं आहे असं ठरलं आणि गळ्यात दर्शन बांधलं गेलं. त्यानंतर लग्न नाही. एक मुलगी झाली, तिला त्यांनी हट्टानं शिकवलं, लग्न लावून दिलं. ती मुलगी माहेरपणाला आली असताना नात आजीबरोबर बैठकीला आली. आठ वर्षांची, बोलकी. आमच्यातली एक तिच्या केसांवरून हात फिरवायला गेली आणि थांबली. कानामागे लिंबाएवढा गुंता होता. पोरगी पावसाळ्यात महिनाभर तापानं पडली होती, तेव्हापासून डोक्यावरून पाणी नव्हतं. मग गुंता दिसला आणि घरात कुणी फणी लावायला तयार होईना.

बैठकीत कुणी काही बोललं नाही. कर्जाची वही पुढे आली. पण त्या रात्री आम्हाला झोप नव्हती. बीएला आम्हाला इतिहास होता. पानिपत होतं, फ्रेंच राज्यक्रांती होती, जट कुठे नव्हती. म्हणून नंतर मिळेल तिथून शोधून वाचलं. त्यातलं थोडं आज सांगतो.

आपल्याच कोल्हापूरपासून सुरुवात करू. राजर्षी शाहू महाराजांनी 1920 साली संस्थानात जोगतिणींविषयी कायदा केला. मुलगी देवाला वाहिली म्हणून तिचा घरातला वारसाहक्क जात नाही, हा त्यातला गाभा. महाराज देवधर्म सोडलेले नव्हते. वेदोक्ताचा वाद पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानात सुरू झाला, तो धर्मविधीचा आपलाही हक्क आहे म्हणूनच ना! पण देवाच्या नावानं मुलीला घराबाहेर काढता येणार नाही, एवढी रेघ त्यांनी मारली. आम्हाला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांनी देवीबद्दल वाद घातला नाही, जमिनीबद्दल घातला. मुलगी कुणाची, असा प्रश्न आला की लोक देवीची म्हणतात. वाटा कुणाचा, असं विचारलं की मात्र घरातले सगळे एकदम जागे होतात.

त्याआधी, 1909 च्या सुमाराला, पुण्यात शिवराम जानबा कांबळे 'सोमवंशीय मित्र' नावाचं पत्र काढत. खंडोबाला मुली सोडून मुरळ्या करण्याविरुद्ध ते लिहीत. त्यांचं लिखाण वाचून शिवूबाई नावाच्या एका मुरळीनं पत्र पाठवलं आणि ते छापून आलं. पुढे गायकवाड आडनावाच्या एका कार्यकर्त्यानं तिच्याशी लग्न केलं. सव्वाशे वर्षांकडे आलेली गोष्ट. त्या काळात एका बाईनं स्वतःच्या आयुष्याबद्दल चारचौघांत लिहायचं धाडस केलं. ती नास्तिक होती की भाविक, याची चौकशी करायचं आम्हाला कारण दिसत नाही.

मग मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासींना संरक्षण देणारा कायदा झाला. देवीला मुलगी वाहणं बेकायदा ठरलं आणि वाहिलेल्या बाईचं लग्न कायदेशीर ठरलं. कोल्हापूर तेव्हा वेगळं संस्थान, ते 1949 साली मुंबई राज्यात विलीन झालं. सौंदत्ती ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकानं 1982 साली कायदा केला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा 2005 चा. म्हणजे आपल्या मावशींच्या गळ्यात दर्शन बांधलं गेलं तेव्हा ते बेकायदा होतं. बांधणाऱ्यालाही ठाऊक नसेल, आणि ज्यांना ठाऊक होतं ते आंबील प्यायला आले असतील.

कायद्याच्या मधल्या काळात एक काम झालं ते गडहिंग्लजला. 1975 साली तिथे देवदासींची परिषद भरली. बाबा आढाव आणि त्यांचे साथी, गडहिंग्लजचे विठ्ठल बन्ने सर, अशी माणसं त्यात होती. या बायकांना एकत्र बसवून तुमचं काय दुखतं हे विचारलं गेलं. पुढे निपाणी भागातही चळवळ झाली, देवदासींना सरकारी अनुदान सुरू झालं. याच भागातले लेखक राजन गवस यांनी 'चौंडकं' ही कादंबरी लिहिली, नंतर 'भंडारभोग'. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी 2009 सालचा 'जोगवा' सिनेमा पाहिला असेल. तो गवसांच्या या लिखाणावर आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' कथेवर उभा आहे. सिनेमा बघून आपण रडलो आणि घरी आलो. शेजारच्या घरातली जट तशीच राहिली.

कारण जटेला कायदा पोचत नाही. ती कुणी बांधत नाही, ती होते. आणि कशी होते ते एकदा नीट समजून घेऊ. आपल्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरलं की ते फणीत येतात. नाही विंचरलं, तर गळलेला केस खाली पडत नाही, उभ्या केसांत अडकतो. त्यात डोक्याचं तेल, घाम, धूळ, उवा. आजारपणात, बाळंतपणात डोकं धुवायचं राहिलं की पंधरा-वीस दिवसांत गुंता घट्ट होतो. एवढ्यावर फणी आणि खोबरेल तेलानं काम भागतं. पण इथे भीती आत येते. गुंत्यावर भंडारा पडतो, पाणी बंद होतं, फणी बंद होते. वाढता वाढता ती मनगटाएवढी होते, ओली झाली की वाळत नाही, मान दुखते, डोक्याला खाज सुटून जखमा होतात. मग त्या दुखण्यालाही देवीचा कोप म्हणतात. कापली तर रक्त येईल, असं सांगतात. केस मुळापाशी जिवंत असतो, बाहेर आलेल्या केसात ना रक्त ना शीर. नाही तर न्हाव्याचं दुकान रोज रक्तानं भरलं असतं.

आता एक गंमत सांगतो. ही जट आपल्याकडेच नव्हती. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथल्या खेड्यांत शेकडो वर्षं अशाच जटा ठेवत. त्यांच्या भाषेत तिला 'कोल्तुन' म्हणत. अंगातला आजार केसांवाटे बाहेर निघतो, कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, अशी समजूत. क्राकूव शहरातल्या युझेफ डित्ल नावाच्या डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, जट हा काही निराळा रोग नाही, न धुतलेले, न विंचरलेले केस आहेत, हे लोकांपुढे मांडलं. आणि हा पोलंड आपल्याला परका नाही बरं. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेली पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याला छावणीत राहिली होती. जुन्या माणसांना त्या गोऱ्या बायका आठवतात. त्यांच्या पणज्यांच्या डोक्यावरही जटा असतील, आणि त्या कापताना पणज्याही घाबरल्या असतील.

पोलंडात यल्लम्मा नव्हती. सौंदत्तीचा डोंगर नव्हता. जट मात्र होती, आणि भीतीही तीच. मग जट देवी पाठवते, हे कसं म्हणायचं?

हाच प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीत ठेवला. वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, "तुम्ही शिकल्यासवरल्या, तुमाला कोप हुत न्हाई. आमच्या घरात पोरं हायत." हे बोलणं आम्हाला लागलं, पण ते खोटं नव्हतं. भीती वाटते ती कारणाशिवाय नाही. ज्या घरात दवाखान्याला पैसे नसतात, तिथे एक पोर आजारी पडलं तरी जट कापणारीवर बोट दाखवतात. आणि दुसरंही आहे. जट आल्यावर त्या गरीब घरातल्या पोरीच्या पाया गाव पडायला लागलं होतं. एरवी तिला दारात कोण उभं करत होतं? जट काढा म्हणताना तिचा तेवढा मान आपण काढून घेतो आणि बदल्यात काय देतो, हे आपण सहसा विचारत नाही.

त्यावर आमच्यातल्या एका वारकरी बाईनं जनाबाईची आठवण काढली. जनीची डोई विठ्ठलानं स्वतः धुतली, उवा काढल्या, वेणी घातली, हे आपण दळताना ऐकत आलोय. देवाच्या भक्तीत जनीपेक्षा कोण मोठी? देव तिला केस तसेच ठेव म्हणाला नाही. फणी घेऊन तिच्या पाठीमागे बसला. बाई एवढंच बोलल्या आणि गप्प झाल्या. आम्ही डित्ल डॉक्टरचं जे पाठ करून आलो होतो, त्याच्यापेक्षा हे लवकर पोचलं.

रेणुकेची कथाही तुम्हाला माहीत आहे. पाण्यावर मन जरा चळलं म्हणून नवऱ्यानं पोटच्या पोराकडून जिचं डोकं उडवलं, ती ही आई. तिच्या नावानं दुसऱ्या पोरीला शिक्षा का, असं आमच्या मनात आलं. ते आम्ही बैठकीत बोललो नाही. आज रेडिओवर बोलतो आहोत.

आमचं मत असं झालं आहे. नवस आपला असेल तर उपास आपण करू, डोंगर आपण चढू, दंडवत आपण घालू. दुसऱ्याचं अंग देवाला द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? अकरा वर्षांच्या मावशींना कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी बोलल्या त्या मावशीच. मागून, भिंतीला टेकूनच. "माझं ऱ्हाऊ दे. पोरीचं सोडवा. पन आदी आईची वटी भरतो."

ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, भंडारा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी नंतर आम्हाला विचारलंच, ओटी कशाला? म्हणजे तुम्हीही भीती मान्य केलीत. त्यांचं चूक नाही. पण ती ओटी मावशींची होती, आणि त्या ओटीशिवाय फणी त्या पोरीच्या डोक्यापर्यंत गेली नसती. आम्ही तेवढी तडजोड केली, आणि अजून ती चुकली असं वाटत नाही.

मंगळवार मावशींनीच निवडला. खोबरेल तेलाची वाटी, दाभण, फणी. तेल जिरवत, दाभणानं एकेक केस मोकळा करत दोन मंगळवार गेले. आतली गाठ सुटेना. कात्री चालवायला कुणाचा हात उचलेना, आमचाही नाही, हे कबूल करतो. मावशींनी कात्री घेतली. पोरगी डोळे गच्च मिटून बसली होती. नंतर तिनं हळूच कानामागे बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "आज्जी, रगात न्हाई." लेक दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली.

कापलेला गुंता मावशींनी खणात बांधून ठेवला आणि पुनवेला सौंदत्तीला नेला. आईचं आईला, म्हणाल्या. त्यांची जट आहे तशीच आहे. पन्नास वर्षं डोक्यावर असलेली गोष्ट, आम्ही पुन्हा विषय काढला नाही. मानेला शेक घ्यायला त्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडे जातात. नात सध्या दोन वेण्या घालून शाळेत जाते, रिबिनी लाल.

सौंदत्तीहून आल्यावर मावशींनी गटातल्या सगळ्या जणींना कागदाच्या पुडीतून भंडारा वाटला, आणि हप्ता भरला. दोन दिवस उशीर झाला होता म्हणून दहा रुपये दंडही ठेवला. आम्ही नको म्हणत होतो. "न्हाई, नेम म्हंजे नेम," म्हणाल्या.