सातव्या पापाचे मूळ नाव

धर्मशिक्षणाच्या वर्गात सात मुख्य पापांची नावे आम्ही एका दमात म्हणत असू : गर्व, लोभ, कामवासना, हेवा, खादाडपणा, क्रोध आणि आळस. शेवटच्या नावापाशी वर्गात हशा पिके, कारण त्याचा अनुभव प्रत्येकाला रोज सकाळी येत असे. पुढे आमच्या घरात हाच शब्द वेगळ्या रीतीने कानी पडला. काका वारल्यानंतर आमची काकी दिवसचे दिवस ओटीवर बसून राही. वाडीत जाणे नाही, चुलीपाशी येणे नाही, कुणी बोलले तर हो-नाही एवढेच. घरातील मोठी माणसे तिला आळशी म्हणत; आम्ही मुलेही म्हणत असू. पापनिवेदनाला जाताना ती स्वतः तोच शब्द घेऊन जात असे, हे तिने पुष्कळ वर्षांनी आमच्या आईला सांगितले. या सातव्या पापाच्या मूळ नावाचा शोध आम्ही घेऊ लागलो तो त्यानंतर.

ते नाव ग्रीक आहे : अकेदिया. कशाचीच काळजी, कशाचीच आस्था उरलेली नाही अशी मनाची अवस्था, असा त्याचा अर्थ. त्या अवस्थेचे सर्वांत बारकाईचे वर्णन चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाच्या संन्याशाने लिहून ठेवले. हा मूळचा पोंतसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. विद्वान, वक्ता, कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावारूपाला आलेला उपदीक्षित. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतल्यावर तो राजधानी सोडून जेरुसलेमला आला. तेथे तापाने अंथरुणाला खिळला असता मेलानिया या साध्वीने त्याची शुश्रूषा केली व त्याला इजिप्तची वाट दाखविली. सुमारे 383 पासून 399 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वाळवंटातच राहिला आणि ग्रंथांच्या नकला करून पोट भरीत राहिला. त्याच्या काही मतांना पुढे चर्चने दोष दिला. पण मनाच्या व्यापारांविषयी त्याने जे टिपले ते चर्चने टाकले नाही.

तो सांगतो, हा सैतान दुपारी येतो. सकाळी दहाच्या सुमारास चढाई करतो आणि दोन वाजेपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे वाटू लागते. संन्यासी पुनःपुन्हा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते पाहतो. कुणी भेटायला येत आहे काय, म्हणून वाटेकडे डोळे लावतो. मग राहती जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, बंधुजनांत प्रेमच उरले नाही असे वाटते. घरच्यांची आठवण दाटून येते, आणि पुढचे आयुष्य न संपणाऱ्या रस्त्यासारखे दिसू लागते. हे वाचताना आम्हाला ओटीवरची काकी आठवली. यात आळस कोठे आहे?

एवाग्रियसने उपायही सांगितले आणि ते अगदी साधे आहेत. रडू येत असेल तर रडावे. आपल्या जिवाचे दोन भाग कल्पून एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे. त्यासाठी तो बेचाळिसावे स्तोत्र हाती देतो, ज्यात स्तोत्रकर्ता आपल्याच खिन्न जिवाची विचारपूस करतो. आणखी एक सल्ला त्याने आपल्या गुरूच्या नावे नोंदविला आहे : संन्याशाने उद्याच मरायचे आहे अशा तयारीने राहावे, पण शरीराला मात्र अजून पुष्कळ वर्षे त्याच्यासोबत काढायची आहेत अशा बेताने वागवावे. देहदंडासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या वाळवंटात हे वाक्य जपले गेले, याचे आम्हाला अप्रूप वाटते.

त्याच्याही आधीचा संत अंतोनी. त्याच्या नावावरच्या वचनसंग्रहाचा आरंभच याच आजाराने होतो. मन काळवंडले असता त्याने देवाला विचारले, मी काय करू? बाहेर येऊन पाहतो तो आपल्यासारखाच एक जण बसून दोरी वळीत आहे, मग उठून प्रार्थना करीत आहे, पुन्हा बसून दोरी वळीत आहे. तो देवदूत होता. त्याने वाळवंटातल्या त्या वृद्धाला दिवसाची घडी तेवढी घालून दाखविली.

हाताच्या कामाचे मोल ही माणसे पैशात करीत नव्हती, याची साक्ष कासियानने दिली आहे. सुमारे 415 मध्ये मार्सेलिसला मठ स्थापन करणारा हा लेखक अब्बा पॉलची हकीकत सांगतो. पॉलची गुहा बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर होती. विणलेले सामान विकायला नेले तर हाती येणाऱ्या किमतीपेक्षा वाहतुकीचा खर्च अधिक. तरीही तो रोज खजुरीची पाने गोळा करी, रोजचे काम नेमाने पुरे करी, आणि वर्षाअखेरी गुहा भरली की सगळा ढीग जाळून टाकी. व्यवहारी माणसाला हा वेडेपणा वाटेल. आम्हालाही प्रथम वाटला.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत हे सर्व घड्याळात बसविले : इतके तास श्रम, इतके वाचन, ठरल्या वेळी प्रार्थना. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर त्याने अंथरुणावर निमूट विश्रांती नेमून दिली. म्हणजे ज्या वेळी तो सैतान येई त्याच वेळी मठ झोपलेला असे! शिवाय, शिक्षा होऊन एकट्या पडलेल्या बंधूकडे शहाण्या वडीलधाऱ्यांना गुपचूप धाडावे, दुःखाच्या भाराखाली तो बुडू नये, असेही त्याने लिहिले. एवाग्रियस कोठडी सोडू नको म्हणतो. आम्हाला बेनेडिक्टची ही तजवीज अधिक माणुसकीची वाटते. आमच्या गावांत त्रिकाळ वाजणारी आंजेलसची घंटा आणि सांजेची रोझरी याच वळणाच्या आहेत, आणि रोझरीला तर शेजारीही येऊन बसतात.

घोटाळा पुढे झाला. 590 ते 604 या काळात पोपपदी असलेल्या महान ग्रेगरीने पापांची यादी सातांची केली, तेव्हा अकेदिया दुःखात विरून गेली; आणि कालांतराने त्या जागी आळस येऊन बसला. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही शब्द शेजारीशेजारी आहेत. वर्गात मात्र एकच शिकविला जातो. येथे एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल : मनाच्या आजाराला आज डॉक्टर आहेत, औषधे आहेत, आणि ती घेण्यात श्रद्धेची उणीव नाही. खुद्द संत थॉमस अक्विनासने दुःखावरचे उपाय तपासताना आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीला झोप व स्नान यांना बसविले आहे. 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये आंघोळीवर चर्चा असेल, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

काकी उठली ती शेजारच्या एका बाईमुळे. ती रोज दुपारी विड्याच्या पानांची टोपली घेऊन ओटीवर येई आणि काही न बोलता काकीच्या पुढ्यात पाने मोजायला ठेवी. पहिले कित्येक दिवस काकीची मोजणी चुकत असे. बाई टोपली घरी नेऊन रात्री दिव्याशी सगळी पाने पुन्हा मोजी, आणि दुसऱ्या दुपारी परत येई.