प्रायश्चित्त आणि कृपा : शेषाद्री बंधूंच्या प्रकरणाचा एक अन्वयार्थ

ख्रिस्ती ईश्वरविद्येत ‘कृपा’ ही संज्ञा विशिष्ट अर्थाने येते. पात्रता नसताना, कोणतीही भरपाई न घेता देवाने केलेली क्षमा, असा तो अर्थ होय. संत पौलाच्या पत्रांतून आलेल्या या विचारावर स्कॉटिश मिशनरींचा विशेष भर होता. मराठी समाजात त्याची गाठ प्रायश्चित्ताच्या परंपरेशी पडली. प्रायश्चित्तातही क्षमा आहे. मात्र ती विधी, दक्षिणा आणि जातीची संमती यांनी बांधलेली आहे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींकडे राहावयास गेला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि अज्ञान म्हणून मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला. मिशनरींच्या घरी राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, असा आग्रह ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी धरला. सनातनी पक्षाने त्यास कडाडून विरोध केला. येथे लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. बाप दार उघडून उभा आहे, थोरला मुलगा मात्र रुसला आहे. मुंबईत बापाने दार उघडले होते. रुसली ती जात. आणि हाच दाखला शिकविणारे मिशनरी मुलाला परत पाठविण्यास राजी नव्हते! या विसंगतीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

बाळशास्त्रींची भूमिका केवळ सुधारकी उदारता म्हणून पाहणे अपुरे आहे. परंपरेच्या चौकटीत राहूनच ते क्षमेचे दार रुंदावू पाहत होते. ते मे १८४६ मध्ये निवर्तले.

थोरले बंधू नारायण पुढे फ्री चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि निजाम राज्यातील जालन्यास आले. येथे त्यांचा संबंध मुख्यतः मांग-महार समाजांशी आला. जन्मानेच बाहेर ठेवलेल्यांना प्रायश्चित्त कोठले? ज्यांना आत येण्याचा विधीच उपलब्ध नव्हता, त्यांच्यासाठी ‘पात्रतेविना’ या शब्दांचा अर्थ पुस्तकी राहिला नाही. अर्थात चर्चची व्यवस्थाही अटींपासून मुक्त नव्हती. बाप्तिस्म्यापूर्वी शिक्षण व परीक्षा असे आणि वर्तन घसरल्यास शिस्तीची कारवाई होई. कृपा देवाची, परंतु सभासदत्वाची वही माणसांच्या हाती, अशी ही स्थिती होती.

जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती वस्ती उभारली. तेव्हा जमिनीच्या आधारामुळे धर्मांतराचा हेतू संशयास्पद ठरतो, असा आक्षेप घेता येईल. तथापि ज्याला गावात बसावयास जागा नाही, त्याच्या बाबतीत आश्रय आणि क्षमा यांची फारकत करणे हा सुखवस्तू माणसाचा तर्क आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वस्तीला नाव दिले ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात हे नाव याकोबाने ठेवले आहे. बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद लुबाडून तो पळाला होता. त्या रात्री, दगड उशाला घेऊन झोपला असता, त्याला शिक्षेऐवजी भूमीचे वचन मिळाले.